बिनशिंगाचा राक्षस

माझ्या ब्रशातून जेवढे राक्षस जन्माला आले, तेवढे सगळ्या पुराणांत मिळून नसतील. सात तोंडांचे, तीन शेपटांचे, पोटात डोळा असलेले, डोळ्यात दात असलेले. त्यांतल्या एकानं मला तालुक्यातल्या सगळ्या सरकारी भिंतींवरून हाकलून लावलं. त्याला ना शिंग होतं ना शेपूट. “पुसून टाक,” असा हुकूम आला होता. थिनरचा डबा पायाशी, चिंधी खांद्यावर, आणि बघायला कापसाच्या गाड्यांची कोसभर रांग. नाही पुसला. आज वय झालंय, हात थरथरतो, पण पुन्हा कुणी सांगितलं तरी नाही पुसणार. ही त्याची हकीकत. यात थापा आहेत, त्या मी लपवत नाही. पण तो हात खरा आहे.

मी पांढरकवड्याचा ट्रक पेंटर. नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून माझी टपरी होती. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर जीभ बाहेर काढलेलं राक्षसाचं तोंड असतं ना, ते माझं. नजर लागू नये म्हणून मालक लोक ते काढून घेतात. लोकांना वाटतं राक्षस म्हणजे दात. दात काय, कुणीही काढतो. राक्षस डोळ्यात असतो. बुबुळ मधोमध ठेवलं की तो वरातीत हरवलेल्या पाहुण्यासारखा बावळट दिसतो. तेच बुबुळ जरा वर सरकवायचं, खाली पांढऱ्याची एक कोर सोडायची, आणि खारीच्या केसांच्या ब्रशनं श्वास रोखून एक ठिपका द्यायचा. झालं. मागचा ड्रायव्हर दिवसभर अंतर राखून चालतो.

माझा एक वाघ अदिलाबादकडं गेला होता. ट्रक घाटात बंद पडला. मागून म्हशींचा कळप आला, त्यानं तो वाघ पाहिला आणि कळप जो उलटा फिरला तो आपलं गाव ओलांडून तिसऱ्याच गावात जाऊन थांबला. म्हशी तिथंच दूध द्यायला लागल्या. ते दूध कोणाचं, यावर त्या दोन गावांत सोयरिकी बंद आहेत म्हणतात. मला त्या गावांची नावं विचारू नका.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बाजारातच पैसा नाही तर ट्रकवर वाघ कोण काढणार? मालक म्हणायचे, “पेंटर, नुसता नंबर टाका.” मी भिंती धरल्या. एका भिंतीवर बियाण्याची जाहिरात काढायची, आणि पीक वर आलं की त्याच भिंतीवर फवारणीच्या औषधाची. भिंत तीच, वाचणारा तोच, फक्त माझ्या डब्यातला रंग बदलायचा. बाकी सरकारी बोर्ड. कापूस संकलन केंद्राचे फलक, बाण, सूचना, सगळं माझ्याकडं. त्यावर घर चालायचं.

अशात गुरांचे नवे डॉक्टर आले. सबनीस नाव, पुण्याचे. स्कूटरच्या डिकीत एका बाजूला सुया आणि दुसऱ्या बाजूला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. टपरीवर येऊन म्हणाले, “पेंटर, तुम्ही राक्षस काढता का?”

“डॉक्टरसाहेब, मी दुसरं काढतो काय? मालकाचा बाप बी काढतो, पण तो बी शेवटी तसाच दिसते.”

त्यांनी पुस्तक उघडलं. पानोपानी भुतावळ. हा एक खेळ होता, कॉलेजच्या होस्टेलमध्ये ते रात्रंदिवस खेळायचे. मी तो जसा समजलो तसा सांगतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कोण जिंकलं तेही नाही. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी तलवारवाला, कोणी जादूगार, कोणी चोर. सांगणारा म्हणतो, “समोर राक्षस आहे, काय करता?” तुम्ही जे म्हणाल ते करायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. फासाही आपला सहा बाजूंचा नाही, वीस बाजूंचा. मी हातात घेऊन म्हणालो, “हा तं पार घासून घासून गोल झाला जी.”

डॉक्टरांना प्रत्येक राक्षसाचं मोठं चित्र पाहिजे होतं. मी पामतेलाची रिकामी पिंपं कापून पत्रे ठोकून सरळ केले आणि लागलो. आयुष्यात असं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि मिळू नये. गुरांचा डॉक्टर तो! सहा पायांचा राक्षस काढला तर म्हणाले, “मधल्या पायांना खांद्याचं हाड कुठंय? हा चालणार कसा?” आग ओकणारा काढला तर म्हणाले, “पोट किती मोठं आहे याचं, हा रवंथ करत असणार.” मी ब्रश खाली ठेवला. म्हणालो, “डॉक्टर, राक्षसाले रवंथ कराले लावू नका. उद्या तुम्ही त्याले खरारा बी कराले सांगसान.”

चित्रं झाली, पण खेळायला माणसं मिळेनात. कचेरीतले लोक म्हणाले, आम्हाला रमी पुरे.

माणसं मिळाली ती केंद्राच्या रांगेत. ज्यांनी ती रांग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापूस विकायचा तर बैलगाडी भरून केंद्रावर आणायची आणि रांगेत लावायची. गेट कधी उघडेल, काटा कधी चालेल, त्याचा नेम नाही. गाडीखाली झोपायचं, तिथंच चूल, तिथंच आंघोळ. व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर तेवढा मागून यायचा आणि पुढून जायचा. उभ्या उभ्या बैल आजारी पडायचे, म्हणून डॉक्टर तिथं. आणि मी केंद्राच्या भिंतीवर ‘रांगेची शिस्त पाळा’ असं रंगवत होतो, म्हणून मीही तिथं. एका बैलाला सलाईन लावलेली. बाटली संपेपर्यंत काय करायचं? डॉक्टरांनी कडुलिंबाखाली पत्रे मांडले, फासा काढला आणि म्हणाले, “या, एक गंमत दाखवतो.”

दोघं जण पुढं आले. एक गुलाबराव, तो आजारी बैल त्याचाच. बोलायला खमक्या, मिशीचा मोठा शौकीन. दुसरी शेवंताबाई. नवरा गेल्यापासून शेत एकटीनं करणारी, गाडी स्वतः हाकत आलेली. बाकीचे भोवती बसले आणि सल्ले द्यायला लागले.

“गुलाबराव, तुम्ही चोर व्हा,” डॉक्टर म्हणाले.

“चोर? पोरीची सोयरीक चालू हाय माह्या! असं नाव नको.”

“मग जादूगार.”

“हं, ते चालंन.”

शेवंताबाई म्हणाली, “मले तलवार द्या. मंत्रानं काही होत नाही, पाह्यलं करून.”

डॉक्टरांनी आवाज खोल केला. “तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी आला आहात. आत अंधार. आतून घरघर ऐकू येते आहे. काय करता?”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग गुलाबरावानं गंभीरपणे विचारलं, “आमच्या म्होरं किती गाड्या हायेत?”

डॉक्टर खाली मान घालून हसले. “गुलाबराव, इथं रांग नाही. तुम्ही सरळ आत जाऊ शकता.”

“असं कसं? मंग टोकन कोण देते?”

शेवटी डॉक्टरांनी गुहेच्या तोंडाशी एक टोकन देणारा बसवला, तेव्हा कुठं आमचे वीर आत शिरले. तेही बैलगाडीसकट. बैल बाहेर सोडायला गुलाबराव तयार नव्हता, म्हणे चोरीला जातात. आत गेल्यावर डॉक्टरांनी माझा पहिला पत्रा उलटा केला. सात तोंडांचा नाग! त्याच्या एकेका तोंडात मी असे दात भरले होते की भरताना माझ्याच दाढा शिवशिवल्या. मी बाजूला उभा राहून वाट पाहत होतो, आता कोण किंचाळतंय.

शेवंताबाईनं पदरानं पत्र्यावरची धूळ पुसली. “काय खाते हा?”

“माणसं,” डॉक्टर म्हणाले.

“कापूस तं नाही नं खात?”

“नाही.”

“मंग राहू द्या बिचाऱ्याले. चला पुढं.”

भोवतीची सगळी माणसं माना डोलवून म्हणाली, बरोबर आहे. माझा नाग सातही तोंडं वासून पडून राहिला.

लोकहो, माझ्या वाघाला भिऊन म्हशींनी जिल्हा बदलला होता! आणि ही माणसं माझ्या राक्षसाला ‘बिचारा’ म्हणतात? मी तिथंच शपथ घेतली. या रांगेला घाबरवीन तर पेंटर, नाहीतर ब्रश मोडून टाकीन.

दुसऱ्या खेपेला मी बोंडअळी काढली. कडुलिंबाएवढी उंच वाटेल अशी, गुलाबी, अंगावर केस, तोंडात अर्धं बोंड. कापूस खाणारा राक्षस पाहिजे ना, घ्या. पत्रा उघडला तर भीती राहिली बाजूला, सगळी रांग तिला तपासायला लागली. एक म्हणाला, तोंडाचा रंग चुकला. दुसरा म्हणाला, मागचे पाय कमी पडले. तिसरा आणि चौथा कोणतं औषध फवारावं यावर भांडायला लागले, आणि ते औषध चांगलं अशी जाहिरात भिंतीवर मीच काढली होती म्हणून दोघंही माझ्यावर घसरले. गुलाबराव अळीच्या तोंडावर थुंकला आणि म्हणाला, “हे तं रोजचंच हाय बाप्पा. सणाच्या दिवशी बी हेच दाखवसान काय?”

मी हात टेकले. भिंतीशी जाऊन शिडीवर चढलो. शिडी गेटाशेजारीच होती. तिथून जे रोज खाली घडायचं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी गेटात आली की ग्रेडरसाहेब यायचे. चांगला उंचनिंच माणूस, पांढरा सदरा, तोंडानं फारसा बोलायचा नाही. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, एक पुंजका ओढायचा, अंगठा आणि दोन बोटांत धरून ताणायचा. धागा किती लांब, कवडी म्हणजे किडका कापूस किती, ओल किती, ते त्या चिमटीत कळतं. मग एक शब्द, त्यावर भाव. पहिला, दुसरा, नाहीतर फरदड. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर जुन्या झाडांना पाणी देऊन काढलेला उरलासुरला कापूस. पहिल्या वेच्याच्या कापसाला फरदड म्हणणं म्हणजे नवरदेवाला भर मांडवात विधुर म्हणणं. आणि तो शब्द ऐकेपर्यंत गाडीमागं उभा असलेला माणूस! राकट गडी, रानडुकराला काठीनं पळवणारे, पण त्या चिमटीकडं बघताना त्यांचा श्वास चालत नव्हता. गुलाबरावाची मिशीसुद्धा खाली उतरली होती.

मी शिडीवरून उतरलो. दोन दुपारी टपरी बंद ठेवली. पूर्ण पत्रा काळा केला, आणि त्यावर हात काढला. नुसता हात. मनगटापासून तुटलेला, माणसापेक्षा मोठा, बोटांवर कोळ्यासारखा चालणारा. अंगठा आणि दोन बोटं वर उचललेली, चिमटीत काहीतरी धरायला निघालेली. तळव्यात एक छोटं बंद तोंड. डोळे काढलेच नाहीत. तीस वर्षं मी सांगत आलो की राक्षस डोळ्यात असतो, आणि माझा सगळ्यात मोठा राक्षस आंधळा निघाला. नाव ठेवलं चिमट्या.

डॉक्टरांनी पत्रा पाहिला. हाडांबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, “याचा नियम मी करतो. हा मारत नाही, चावत नाही. चिमटा काढतो, आणि तुमचा ग्रेड एकानं उतरतो.”

संध्याकाळच्या आधी लिंबाखाली खेळ बसला. गुहेच्या शेवटच्या दालनात डॉक्टरांनी पत्रा उलटा केला. कोणी सल्ला दिला नाही. शेवंताबाई बसल्या जागेवरून उठली आणि मागं आपल्या गाडीवर तिनं तळहात ठेवला, ताडपत्रीवर, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

आई शप्पथ, मला आनंद व्हायला पाहिजे होता. शपथ पुरी झाली होती. पण मी पत्रा सोडून तिच्या त्या तळहाताकडंच बघत राहिलो.

चिमट्यानं आधी जादूगाराला धरलं. “गुलाबराव, तुम्ही पहिल्याचे दुसरे झालात,” डॉक्टर म्हणाले. गुलाबरावानं मंत्र टाकला, फासा फिरवला, फसला. “आता फरदड.”

“फरदड कोणाले म्हनता बे!” गुलाबराव उभाच राहिला. “सहा पिढ्यांत कोणी म्हनलं नाही!” खेळ आहे हे तो विसरला होता. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच विसरलो होतो.

“शेवंताबाई, तुमची पाळी. तलवार चालवता?”

ती गाडीजवळूनच बोलली. “नाही चालवत. मी त्याले म्हणतो, थांब. माह्या कापसाचा पुंजका काढ, आन् ज्याले तू पहिला म्हनतं त्याचा बी काढ. दोन्ही शेजारी ठेव, उजेडात, सगळ्यायच्या म्होरं. मंग सांग काय सांगाचं ते.”

डॉक्टर विचारात पडले. “याला फासा टाकावा लागेल. मोठा आकडा पाहिजे.”

“फासा कायले? खरं बोलाले फासा लागते काय?”

डॉक्टर नियमांचे फार पक्के. सलाईनचे थेंब मोजणारा माणूस. पण त्यांनी फासा उचलला आणि खिशात टाकला. म्हणाले, “नाही लागत. चिमट्या हरला.” रांगेनं जी आरोळी ठोकली, ती ऐकून यवतमाळला बस थांबली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाईची गाडी गेटात लागली. तिच्या आधी व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर मागून येऊन पुढं घुसला होता आणि पहिला ग्रेड घेऊन काट्यापाशी उभा होता. साहेबांनी शेवंताबाईच्या गाडीत हात घातला, पुंजका ओढला, ताणला, आणि दुसरीकडंच बघत “फरदड” म्हणून टाकून दिला. तिनं तो जमिनीवर पडू दिला नाही, वरच्यावर झेलला.

“साहेब, जरा थांबा. त्या ट्रॅक्टरमंधला बी एक काढा. दोन्ही शेजारी ठेवा.”

“बाई, रांग अडवू नका.”

“रांग कोण अडवून राह्यलं, ते रांगेलेच इचारा.”

तोवर गुलाबराव ट्रॅक्टरवर चढून मूठभर कापूस घेऊन खाली उतरला होता. पण ठेवायचा कशावर? धुळीत ठेवला तर दोन्ही सारखेच मळणार. पांढरा कापूस काळ्यावरच उठून दिसतो, हे कापूसवाल्याला सांगावं लागत नाही. शेवंताबाईनं मला हाक मारली, “पेंटर, तुमचा तो काळा पत्रा आणा.”

पत्र्याला दोन बाजू असतात. काळी, आणि मागची तेलकट. मी आणला आणि चित्राची बाजू वर करून साहेबांच्या पुढ्यात धरला. चिमट्याच्या तळव्यावर दोन पुंजके ठेवले गेले. शेवंताबाईचा ताज्या लोण्यासारखा. ट्रॅक्टरचा पिवळट, कवडीनं भरलेला, वरून ओल मारलेला. म्हशीलासुद्धा फरक कळला असता.

पण साहेबांचं लक्ष कापसावर नव्हतं. ते कापसाखालच्या चित्राकडं बघत होते.

“कोणी काढलं हे?”

“म्या काढलं जी. खेळातला राक्षस हाय.”

“कोणाचा हात आहे हा?”

“राक्षसाचा.”

“पेंटर, मला शिकवू नका. आत्ताच्या आत्ता पुसून टाका. नाहीतर या केंद्राचा काय, तालुक्यातल्या एकाही सरकारी भिंतीला ब्रश लागू देणार नाही.”

थिनरचा डबा पायाशीच होता. घरी बायको भिंतींच्या कामावरच चूल पेटवायची, हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं म्हणणार नाही. चांगलं आठवलं. पण शेवंताबाईचा पुंजका अजून त्या तळव्यावर होता. पत्रा पुसायचा तर आधी तो उचलावा लागला असता.

मी म्हणालो, “साहेब, राक्षस कोणाचा नसते. पण हा तुमचा हाय, असं तुमचं म्हननं असंन, तं सगळ्यायच्या म्होरं सांगा. फक्त एवढं म्हना, की हा माहा हात हाय. मी लगेच पुसतो.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “हा? हा माझा हात? माझा हात असा आहे?” म्हणत त्यांनी हात पुढं केला.

सवयीचा हात तो. अंगठा आणि दोन बोटं वर, चिमूट जुळलेली. आणि त्या चिमटीत शेवंताबाईच्या कापसाचा एक धागा अजून अडकलेला, सकाळच्या वाऱ्यात हलत होता. वर साहेबांचा हात, खाली माझा. नख नि नख तेच.

आधी एक म्हातारा हसला. मग गुलाबराव. मग ते हसू गाडीगाडीनं मागं सरकत गेलं, ज्यांना काही दिसलं नव्हतं तेही हसले, आणि रांगेच्या शेपटापासून पुन्हा उलटं गेटापर्यंत आलं. साहेबांनी आपल्या हाताकडं पाहिलं, जणू कोणी दुसऱ्यानं तो तिथं ठेवलाय. मग खिशात घातला. पाठ फिरवून म्हणाले, “पहिला. घ्या काट्यावर.”

शेवंताबाईनं बैलाची शेपटी पिळली आणि गाडी आत घातली. माझ्याकडं वळून एवढंच बोलली, “पेंटर, तोंड चांगलं काढलं. बंद हाय.”

साहेब शब्दाचे पक्के निघाले. भिंती गेल्या, सगळ्याच. पुढच्या हंगामात ते बदलून गेले. नवा हात आला, चिमटी जुनीच होती. एका पत्र्यानं कापसाचे दिवस पालटत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण त्या वर्षी मला एक विचित्र काम मिळालं. लोक टपरीवर पत्रे घेऊन यायचे आणि म्हणायचे, “चित्र नको. नुसता काळा करून द्या.” गाडीच्या बाजूला तो काळा पत्रा अडकवून रांगेत उभे राहायचे. आयुष्यात मी काढलेला सगळ्यात सोपा राक्षस तो, आणि गेटातली माणसं त्यालाही वचकून असायची.

डॉक्टर बदलीवर गेले, जाताना फासा गुलाबरावाला देऊन गेले. माझी भुतावळ विखुरली. सात तोंडांचा नाग एका कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, त्याचं वाईट वाटतं, दात फार मेहनतीचे होते. अळीचा पत्रा बैलाच्या गव्हाणीला ठोकला गेला. चिमट्या मात्र माझ्याकडं आहे.

गेल्या वर्षी पुण्याहून एक तरुण आणि एक तरुणी मोटार घेऊन आले. असलेच खेळ छापतात. डॉक्टर सबनीसांकडून त्यांना कळलं होतं. पत्रा पाहून मुलगी म्हणाली, “काका, रंग काय टिकलाय!” तरुण जरा मागं सरकून, मान तिरकी करून बघत होता. म्हणाला, “भारी आहे. फक्त नुसता हात... लोकांना भीती नाही वाटणार. नखं वाढवू या का? किंवा मनगटावर दोन शिंगं?”

त्याच्या अंगात चांगला सुती सदरा होता, महागाचा. बाहीला एक सूत सुटलं होतं. मी ते अंगठा आणि दोन बोटांत धरलं, ओढलं, उजेडाकडं करून ताणलं. माझा हात थरथरतो, पण चिमूट थरथरत नाही. तो हसत होता. मी सूत पाहिलं. त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

“फरदड,” म्हणालो, आणि टाकून दिलं.

त्याचं हसू गेलं. त्यानं खाली आपल्या सदऱ्याकडं पाहिलं, मग बाहीवर दुसरा हात ठेवला. झाकून घेतल्यासारखा.

“शिंगं लावायची?” मी विचारलं.

“नको,” तो म्हणाला.